‘आज नाय’ आणि ‘नाव नाही’

लालबाग, मुंबई
१७ मे २००९

ती. गुणाजीमामांस,
मालनचा साष्टांग नमस्कार.

गणपतीनंतर तुम्हाला पत्र लिहिलं नाही, त्याला आठ महिने झाले. कारणं लिहायला बसले तर एकही खरं वाटेना, म्हणून नुसती माफी मागते. मध्ये दोनदा फोन केला होता. तुम्ही "कोण, कोण" म्हणत राहिलात आणि शेवटी राँग नंबर म्हणून ठेवून दिलात. आई म्हणाली, त्याला लिहूनच पाठव, कान गेले तरी डोळे शाबूत आहेत. आईचे गुडघे सोडले तर बाकी बरं आहे.

मी ऑफिस सांभाळून एका कामात पडले आहे. चिंचपोकळीच्या एका मंडळाच्या हॉलमध्ये काही जुन्या कामगारांनी समिती काढली आहे. आठ गिरण्यांचे संपाआधीचे मस्टर त्यांना एका ट्रंकेत मिळाले. ते सगळे आम्ही संगणकावर चढवले. माणसाने यायचं, नाव किंवा तिकीट नंबर सांगायचा, मस्टरवर नाव सापडलं की सही करायची आणि समितीचा दाखला न्यायचा. गिरणी कामगारांच्या घराच्या अर्जाला तो जोडता येतो. हे ४ मेपासून सुरू आहे आणि ३० जूनला बंद होईल. संगणकाची बाजू मी बघते. दिवसा मी ऑफिसात असते, संध्याकाळी आणि रविवारी तिथे जाते. फुकटचं काम करते म्हणून लोक कौतुक करतात तेव्हा मला संकोच होतो. परळला ज्या इमारतीत मी बसते ती कुठल्या जमिनीवर उभी आहे हे त्यांना माहीत आहे, मलाही आहे.

पत्राचं मुख्य कारण वेगळंच आहे. मस्टर चढवताना कुशाबाकाकांचं नाव माझ्याच हाताखालून गेलं. साचेखातं, तिकीट नंबर ४१७. चाळीत असताना त्यांची गावची पत्रं मी लिहून द्यायची, तेव्हा शेवटी ते हा नंबरही घालायला लावायचे, जणू आडनावच. तुम्ही त्यांच्या शेजारी आहात. त्यांना ३० जूनच्या आत पाठवून द्या. सही त्यांनी स्वतः करायला हवी.

गेल्या सोमवार ते बुधवार आमच्या लायब्ररीत थोडा गोंधळ झाला होता. आता सगळं सुरळीत आहे, त्यांना थांबावं लागणार नाही.

तुमची,
मालन


मु. पो. आडवली, ता. मालवण
२५ मे २००९

चि. मालन हिस,
गुणाजीमामाचे अनेक आशीर्वाद. तुझे पत्र परवा पोचले. फोन ठेवून दिला तो तुझा होता हे वाचून हसू आले आणि वाईटही वाटले.

कुशाबाला पाठवा असे लिहितेस. कुशाबा येऊन गेला. १२ तारखेला, मंगळवारी. लेकीकडे, अंबिकाकडे, अँटॉप हिलला उतरला होता. सकाळी एकटाच तुमच्या हॉलात गेला, अकराच्या सुमारास त्याचा नंबर लागला. टेबलावरच्या बाईने त्याचे नाव घातले, बराच वेळ पडद्याकडे बघितले आणि म्हणाली, "काका, तुमचं नाव नाही."

मालन, मी कुशाबाला पन्नास वर्षे ओळखतो. एसटीत सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी कणकवलीपर्यंत भांडत गेलेला माणूस आहे. त्याने त्या बाईला पुन्हा बघा म्हटले नाही. तिकीट नंबरही सांगितला नाही. उठला, बाहेर आला आणि त्याच संध्याकाळी गावी निघाला.

आल्यापासून तो माझ्याकडे येत नाही. मीच गेलो तर खळ्यात बसलेला असतो, बोलत नाही. एवढेच म्हणाला, "माझा नाव थंय नाय." मी म्हटले, चुकले असेल कोणाचे. त्यावर म्हणाला, "चुकूक नाय."

घरी आणि देवळात त्याने काही बोलून ठेवले आहे. ते पत्रात लिहिण्यासारखे नाही.

आता तू लिहितेस की नाव आहे आणि तुझ्या हाताखालून गेले. मग १२ तारखेला ते कोणी काढले होते? समितीत कोण कोण आहे? संपातली जुनी माणसे असतील तर त्यांची नावे कळव.

आणि लायब्ररीत गोंधळ झाला असे लिहितेस, ती कुठली लायब्ररी? मंडळाच्या हॉलाखाली पेपर वाचायची खोली असायची, तीच का? तिथे बसणारे काय भांडतील, फार तर कोडे कोणी भरले यावरून. त्याचा कुशाबाच्या नावाशी संबंध काय, ते समजले नाही.

मामा


लालबाग
१ जून २००९

ती. मामांस,
सा. न.

तुमचं पत्र आल्या दिवशी दोनदा वाचलं. आज तिसऱ्यांदा वाचून उत्तराला बसले आहे. आधी महत्त्वाचं. कुशाबाकाकांचं नाव कोणीही काढलेलं नव्हतं. १२ तारखेला ते होतं, आजही आहे. समितीत असं करणारं कोणी नाही. एवढं त्यांना लगेच सांगा, बाकीचं नंतर वाचा.

लायब्ररी म्हणजे पेपर वाचायची खोली नव्हे. माझ्या लिहिण्याचा दोष आहे, ऑफिसातला शब्द तसाच टाकला. सगळी नावं एका मोठ्या संगणकात आहेत, त्याला नोंदवही समजा. हॉलमध्ये सहा टेबलं आहेत. टेबलावरचा माणूस नाव टाइप करतो तेव्हा तो प्रश्न नोंदवहीपर्यंत नेणारा आणि उत्तर आणणारा मधला एक भाग असतो. बऱ्याच ठिकाणी वापरता यावा म्हणून तो वेगळा लिहून ठेवतात. त्याला आमच्यात लायब्ररी म्हणतात.

नोंदवहीपर्यंत जायला कनेक्शन लागतं. प्रत्येक प्रश्नाला नवं उघडायचं तर वेळ जातो, म्हणून वीस कनेक्शनं उघडून तयार ठेवलेली असतात. प्रश्न आला की एक घ्यायचं, विचारायचं, उत्तर घेऊन ते परत ठेवायचं, की दुसऱ्याच्या उपयोगी पडतं. आमची नोंदवही ज्या मशीनवर आहे ते जुनं आहे. विसापेक्षा जास्त ते देत नाही. सहा टेबलांना वीस पुष्कळ झाली, घेतलेलं परत आलं तर.

११ तारखेला टेबलांवर मराठी टायपिंगची सोय केली, कारण इंग्रजीत नावं घालताना घाडीचं गाडी होत होतं. पण मग तिकीट नंबरही काहींनी मराठी आकड्यांत टाइप केला. तसा नंबर लायब्ररीला आकडा म्हणून ओळखता आला नाही, ती तिथेच अडखळली, आणि हातातलं कनेक्शन परत ठेवायचं राहिलं. असं वीसदा झालं की वीसही संपली. सकाळी दहाला सुरुवात, अकराच्या आसपास सगळी संपत. दुपारी जेवणाच्या वेळी समितीचे चिटणीस रघुवीर सर मशीन बंद करून पुन्हा चालू करायचे, म्हणून दुपारनंतर ठीक चालायचं. तीन दिवस हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

कुशाबाकाका अकराला आले होते. यंत्राची चूक झाली. नाव शोधलंच गेलं नव्हतं. त्यांना म्हणावं, परत या, मी स्वतः रजा काढून टेबलावर बसते.

मालन


आडवली
९ जून २००९

चि. मालन हिस आशीर्वाद.

तुझे पत्र घेऊन मी कुशाबाच्या खळ्यात गेलो आणि मोठ्याने वाचून दाखवले. त्याची बायको शेवंता आमसुले उलटीत होती. कनेक्शनचे मला जेवढे समजले तेवढे मी त्याला आपल्या भाषेत सांगितले. कापड विणायचे साचे वीस. माणसाने साचा धरला, धागा तुटला, आणि तो साचा कोणाच्या हवाली न करता घरी निघून गेला. साचा रिकामा उभा, पण वहीत लागलेला. बाहेर माणसे ताटकळत. हे त्याला लगेच समजले. म्हणाला, असला माणूस आमच्या खात्यात दोन दिवस टिकला नसता.

मग विचारले, "म्हणजे कोणी कापूक नाय?"

मी म्हटले, नाही, कोणी कापले नाही. कोणाला काही माहीतच नव्हते.

"मग मी ह्या सगळा कशाक सांगितलंय?"

शेवंता उठून आत गेली.

काय सांगितले ते आता तुला लिहितो, कारण गावात सगळ्यांना माहीत झाले आहे. संपाच्या दुसऱ्या वर्षी, जानेवारीत, अंबिका काविळीने आजारी होती. कुशाबा पुण्याला काम बघायला जातो सांगून गेला आणि गिरणीत शिरला. पोलिसांच्या पहाऱ्यात माणसे आत राहत, जेवत, साचे चालवत, तुला आठवत असेल. अकरा दिवस राहिला. शेवंतालाही त्याने सांगितले नव्हते. सव्वीस वर्षे सांगितले नाही. तुमच्या बाईने नाव नाही म्हटले तेव्हा त्याने धरले की कुठेतरी ते लिहिलेले होते आणि आता यादी करताना कोणीतरी न्याय केला. म्हणून तो भांडला नाही. गावी आला त्या रात्रीच त्याने शेवंताला सांगितले, आणि रविवारी देवळात चारचौघांत उभा राहून म्हणाला, "मी आत गेलंय. अकरा दिस गेलंय."

दरवर्षी १८ जानेवारीला, संपाच्या दिवशी, आम्ही गिरणीतली माणसे देवळात जमतो आणि सगळ्यात जुना म्हणून कुशाबा नारळ फोडतो. दोघा-तिघांनी सांगून टाकले की पुढच्या वेळी नारळ दुसऱ्याच्या हातात द्या.

आता माझे म्हणणे ऐक. मी सात वर्षे बदली होतो. बदली म्हणजे कायम नसलेला. कार्ड घेऊन रोज पाळीच्या वेळी फाटकावर उभे राहायचे. कायमवाले जेवढे गैरहजर तेवढ्या बदलींना जॉबर आत घेई. उरलेल्यांना म्हणे, "आज नाय." पण कार्डावर शिक्का मारी, की हा आला होता, याला काम नव्हते. तो शिक्का घेऊन आम्ही घरी जायचो, चहा प्यायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे. 'आज नाय' ऐकून कोणी मेला नाही.

'नाव नाही' ही गोष्ट वेगळी. ते फक्त ज्याचे नाव कापले त्याला ऐकवत. आमचा जॉबर शिव्या देई, लाच खाई, पण या दोन वाक्यांत त्याची कधी गल्लत झाली नाही. बारा बदली परत पाठवायचे तर बाराही जणांना 'आज नाय' म्हणे. तुमच्या मशीनला साचा मिळाला नाही, तर तिने 'आज नाय' म्हणायला हवे होते. 'नाव नाही' असे म्हणायला तिला कोणी शिकवले?

तू लिहितेस यंत्राची चूक. लायब्ररी कोणीतरी लिहितो असेही लिहितेस. ती कोणी लिहिली?

मामा


लालबाग
१४ जून २००९

ती. मामांस,
सा. न.

मी लिहिली.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं त्यात खोटं एकही वाक्य नव्हतं. मी ते तपासून बघितलं, आणि तपासून बघावंसं वाटलं यातच काय ते आलं. 'अडखळली', 'राहिलं', 'संपली'. करणारं कोणी नाहीच. 'यंत्राची चूक झाली' हे लिहून झाल्यावर मला बरं वाटलं होतं.

ही लायब्ररी मी तीन वर्षांपूर्वी ऑफिससाठी लिहिली. कनेक्शन मिळालं नाही तर तीस सेकंद थांबायचं, आणि तरीही मिळालं नाही तर काय करायचं हे तिला सांगावं लागतं. बरोबर गोष्ट अशी की तिने ओरडायचं, मला विचारताच आलं नाही म्हणून. पण ज्या गिऱ्हाइकासाठी ती लिहिली त्याला पडद्यावर लाल अक्षरं नको होती. म्हणून मी एक ओळ घातली, की अशा वेळी रिकामी यादी परत दे. म्हणजे 'काही सापडलं नाही'. ते दुकानांच्या मालाचं काम होतं. साबणाचा एखादा प्रकार दिसला नाही तर कोणाचं बिघडणार होतं? नंतर बदलू असं मनात म्हटलं होतं. समितीसाठी तीच लायब्ररी उचलून आणली तेव्हा त्या ओळीवरून माझी नजर गेली होती. मी पुढे गेले.

आणखी एक लिहायचं आहे. १३ मेला, बुधवारी संध्याकाळी, मराठी आकड्यांची भानगड मला सापडली. ती दुरुस्त करताना ही ओळही दिसली. तेव्हाच मला कळलं की तीन दिवस सकाळी लोकांना नाव नाही असं सांगितलं गेलं असणार. १७ तारखेला तुम्हाला 'थोडा गोंधळ' लिहिलं ते हे माहीत असताना. ज्यांना गरज आहे ते परत येतील, असं मी स्वतःला सांगितलं होतं. काही जण 'नाव नाही' हे ऐकून खाली मान घालून जातील, हे मला सुचलं नाही. मी याच चाळीत वाढले, संप सुरू झाला तेव्हा सोळा वर्षांची होते. मला सुचायला हवं होतं.

तुमचं पत्र आल्यावर रघुवीर सरांकडे गेले. दारावर सूचना लावू म्हटलं. ते म्हणाले, "मालनताई, लोकांचा विश्वास बसलाय. आता आपणच चुकलो म्हणून पाटी लावायची?" मी म्हटलं, पाटीवर माझं नाव घाला. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, नाव नको, पण मजकूर तुम्हीच लिहा.

मजकूर तुमच्या जॉबरचा आहे. '११, १२ व १३ मे रोजी सकाळी ज्यांना नाव नाही असे सांगितले गेले, त्यांची नावे त्या वेळी शोधलीच गेली नव्हती. चूक आमची होती. कृपया परत यावे.' मशीनचं उत्तरही बदललं. आता तीन उत्तरं येतात. नाव आहे. नाव नाही. आणि तिसरं, आत्ता विचारता आलं नाही, थांबा. तिसरं आलं तर टेबलावरच्या माणसाने एका चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारून द्यायचा, की हे आले होते.

पण मामा, पाटी वाचायला माणूस चिंचपोकळीला यायला हवा. जो कोकणात, घाटावर निघून गेला तो ती कशी वाचणार? त्या तीन सकाळी मशीनने दोनशे बारा वेळा रिकामी यादी दिली एवढं मला सापडलं. कोणत्या नावांना दिली ते सापडत नाही. प्रश्न नोंदवहीपर्यंत गेलाच नाही, म्हणून तिकडे त्याची खूण नाही, आणि इकडे ती ठेवायची मी सोय केली नव्हती. आजपर्यंत नऊ जण परत आले. कुशाबाकाका दहावे होऊ शकतात, पण ते मला माहीत आहेत कारण ते तुमचे शेजारी आहेत. बाकीचे कोणाचे शेजारी असतील?

हे पत्र कुशाबाकाकांना वाचून दाखवा. निदान तेवढं तरी मी समोरासमोर केल्यासारखं होईल.

मालन


आडवली
२२ जून २००९

चि. मालन हिस आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवले. शेवंता आतून म्हणाली, "शनिवारच्या गाडीची तिकिटा काढा." ते दोघे २८ तारखेला, रविवारी, हॉलात येतील. मी येणार नाही. गुडघ्याचे कारण सांगणार होतो, पण तू खरे लिहिलेस, म्हणून मीही लिहितो.

संपात आमच्या चाळीची यादी माझ्याकडे होती. जो आत जाईल त्याचे नाव जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहायचे. मी लिहायचो, माझे अक्षर चांगले म्हणून. त्या जानेवारीत सातव्या दिवशी मी कुशाबाला मागच्या फाटकाच्या आत, नळावर तोंड धुताना बघितले. त्यानेही मला बघितले की नाही, मला माहीत नाही. मी घरी आलो आणि त्याचे नाव लिहिले नाही. आम्ही एका गावचे.

त्याच आठवड्यात धोंडू आत गेला होता, साताऱ्याकडचा, दुसऱ्या मजल्यावरचा. तीन दिवस. त्याचे नाव मी लिहिले. त्याच्या बायकोला नळावर कोणी पुढे येऊ देईना. होळीच्या आधी ते खोली सोडून गेले. कुठे गेले ते मी विचारले नाही.

कुशाबाने देवळात सांगितले तेव्हा मी तिथेच बसलो होतो. मला माहीत होते, असे मी म्हटले नाही. अजून म्हटलेले नाही.

धोंडू पण साचेखात्यातच होता. आडनाव शिर्के. तिकीट नंबर मला आठवत नाही. तुझ्या मस्टरवर त्याचे नाव आहे का, बघ.

मामा


लालबाग
२९ जून २००९

ती. मामांस,
सा. न.

काल कुशाबाकाका आणि शेवंताकाकू आले. अंबिका सोबत होती, ती बाहेर पायरीवर थांबली, आत आली नाही. मी टेबलावर बसले होते. काका फार वाळले आहेत. मी उठून पाया पडले आणि माफी मागितली. ते म्हणाले, "बस, बस. रांग खोळंबली."

मी तिकीट नंबर घातला, इंग्रजी आकड्यांत, सवयीने. नाव आलं. पडदा वळवून त्यांना दाखवला. त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचलं. मग मी सहीचा कागद पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि विचारलं, "ते अकरा दिस खंय लिवचे?"

मी म्हटलं, त्याला जागा नाही, काका. हे संपाआधीचं मस्टर आहे.

"जागा नाय म्हणजे? तूच केलंस ना ह्या?"

मी हो म्हटलं. पेन त्यांच्या हातात तसंच राहिलं. मागचे लोक बघायला लागले. मला वाटलं ते उठून जातील, आणि या वेळी मी थांबवू शकणार नाही, कारण या वेळी ते बरोबर असतील. तेव्हा शेवंताकाकू, ज्या इतका वेळ भिंतीकडे बघत होत्या, म्हणाल्या, "सही करा. घर तुमच्या अकरा दिसांचा नाय. माझ्या सत्तावीस वर्सांचा आसा."

त्यांनी सही केली. तुम्हाला माहीत आहे, संपात काकूंनी खोलीत बारा माणसांची खानावळ चालवली, आणि ती काका परत आल्यावरही बंद झाली नाही. दाखला काकूंनी घेतला, घडी न घालता पिशवीत उभा ठेवला. ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत हे मला तेव्हाच कळलं. पूर्ण वेळात काकूंनी काकांना उद्देशून तेवढंच म्हटलं.

जाताना काका दारावरच्या पाटीपाशी थांबले. वाचून झाल्यावर विचारलं की असे आणखी किती. मी सांगितलं की माहीत नाही, कोण ते कळायची सोय नाही, अकरा जण आले. त्यांनी पाटी परत एकदा वाचली.

"त्येंनी घराक जावन काय काय सांगितल्यानी आसतला," असं म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

काल रात्रभर मी या वाक्याशी बसले नाही, असं लिहिलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून लिहीत नाही. चूक दुरुस्त झाली आहे. कनेक्शनं आता परत येतात, वीसच्या वीस. रोज संध्याकाळी मी ती मोजते. दाखला मिळाला, अर्ज होईल. तरी त्या घरात जे बोललं गेलं ते मागे घेता येत नाही, आणि ते खोटं नव्हतं म्हणून आणखीच घेता येत नाही. माझ्या चुकीने एक खरी गोष्ट बाहेर आली. याचं काय करायचं असतं, मला ठाऊक नाही. त्यांना सव्वीस वर्षं जे सांगता आलं नाही ते सांगून टाकता आलं, असं समाधान आई मला देत होती. मी तिला म्हटलं, ते त्यांनी म्हणावं, आपण नको.

तुमच्याबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही. ते काम तुमचं आहे, मामा, आणि तुम्ही त्यांच्या शेजारी राहता.

आता धोंडूकाका. तुमचं पत्र शनिवारी मिळालं. काल दिवसभर आणि आज संध्याकाळी मी मशीनसमोर होते, हात रिकामा होता, आणि मी ते नाव टाइप केलं नाही. मला त्यांचा चेहरा आठवत नाही, त्यांच्या बायकोची हिरवी कळशी तेवढी आठवते. नळावरच्या रांगेत मीही असायची. मीही तिला पुढे येऊ दिलं नाही.

पूर्वी 'नाव नाही' आलं असतं तर मशीन बिघडलं असेल म्हणायला जागा होती. ती जागा मी स्वतःच बुजवली. आता 'नाही' आलं तर ते खरं असेल. 'आहे' आलं तर मस्टरवर त्यांच्या गावाचा पत्ता असेल, आणि मग पत्र तुम्हाला लिहायचं की मी, हे आपल्याला ठरवावं लागेल. आई झोपली आहे. डायरीत उद्याच्या पानावर एकच ओळ लिहिली आहे, तीच इथे उतरवते.

मंगळवार, ३० जून. सकाळी दहाच्या आत, हॉल उघडण्यापूर्वी: शिर्के, धोंडू, साचेखातं. विचारणे.

मालन